गंगा, हत्ती, कीचक आणि कोयता

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'लाक्षणिक भाषा आणि तिचा इतिहास' असा छापला आहे. तो वाचून काहींना दहावीच्या पेपरातला अलंकार ओळखण्याचा प्रश्न आठवला असेल. त्या प्रश्नाकडे आपण येऊच, पण जरा वळसा घालून. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. साहित्यातल्या मंडळींना अलंकार दिसला की ते त्याच्या सौंदर्याबद्दल बोलू लागतात. आम्हाला आधी दुसराच प्रश्न पडतो. बोलणारा एक म्हणाला, ऐकणाऱ्याला वेगळंच कळलं, आणि तरी दोघांचा घोटाळा झाला नाही. हे घडतं तरी कसं?

तीर्थपुरीत हे समजवायला लांब जावं लागत नाही. आपल्या घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण अंगानं गोदावरी वाहते. नकाशात ती गोदावरी, बोलण्यात मात्र ती गंगा. 'गंगेला पाणी आलं' म्हणतो, काठच्या जमिनीला गंगथडी म्हणतो. 'आमच्या मावशीचं गाव गंगेवर आहे' असं कुणी सांगितलं, तर मावशीचं घर पाण्यावर तरंगतंय असं शेंबडं पोरही समजत नाही. तिथे गंगा म्हणजे गंगेचा काठ. या एवढ्याशा वाक्यात दोन उड्या आहेत. गोदावरीची गंगा झाली ही पहिली, गंगेचा काठ झाला ही दुसरी. आपण दोन्ही उड्या न अडखळता मारतो. गंमत अशी की संस्कृत शास्त्रकारांचं सगळ्यात लाडकं उदाहरणही हेच आहे, गंगेवरची गवळ्यांची वाडी. शेकडो वर्षं नैयायिक, मीमांसक आणि काव्यशास्त्री त्या एका वाडीवर भांडत आले. ती वाडी आपल्या तालुक्यात रोज बोलली जाते, पण तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

या भांडणातलं फार जुनं पान गौतमाच्या न्यायसूत्रांत आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला हा ग्रंथ. ग्रंथ तर्काचा आहे, काव्याचा नाही, हे ध्यानात ठेवा. त्यात गौतमानं एक यादी दिली आहे : एका वस्तूचं नाव दुसऱ्या वस्तूला कोणकोणत्या कारणांनी दिलं जातं? कारणं दहा. सोबत असणं, जागा, हेतू, वागणूक, माप, वाहून नेणं, जवळीक, जोड, साधन आणि सत्ता. उदाहरणं सगळी घरगुती आहेत. मचाण ओरडतं, म्हणजे मचाणावर बसलेली माणसं ओरडतात. आपल्याकडे ज्वारीच्या रानात माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार डोळ्यांपुढे आणा, 'माळा ओरडतोय' म्हटलं की झालं. अन्नाला प्राण म्हणतात, कारण ते प्राण टिकवण्याचं साधन. आणि सोबतीचं उदाहरण असं : काठीला जेवायला वाढा. म्हणजे काठी घेऊन आलेल्या माणसाला वाढा. ही काठी लक्षात ठेवा, तिचं काम आम्हाला शेवटी पडणार आहे.

पुढे ११व्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त याची नेटकी मांडणी केली. लक्षणा व्हायला तीन गोष्टी लागतात. एक, शब्दाचा मूळ अर्थ त्या वाक्यात बसेनासा झाला पाहिजे. दोन, मूळ अर्थाचा आणि नव्या अर्थाचा काही संबंध पाहिजे. आणि तीन, अशी वाकडी वाट घेण्यामागे एकतर रूढी पाहिजे, नाहीतर प्रयोजन. रूढी म्हणजे लोक तसं म्हणतच आलेत. प्रयोजन म्हणजे वाकडं बोलून असं काहीतरी सांगायचंय जे सरळ बोलून सांगता येत नाही. 'गंगेच्या काठावर वाडी' म्हटलं तर पत्ता कळतो. 'गंगेवर वाडी' म्हटलं की तिथला गारवा आणि पावित्र्यही येतं. आजच्या व्याख्यानाची किल्ली या तिसऱ्या अटीत आहे. प्रयोजनाची लक्षणा ऐकणाऱ्याला उडी दिसते. रूढीची लक्षणा उडी पुसून टाकते. उडी दिसणं आणि पुसली जाणं, यांचा मराठीतला इतिहास आज आम्हाला सांगायचा आहे. तो पुष्कळसा या गोदेच्या खोऱ्यातच घडला.

'अलंकार' या शब्दानं आपलं थोडं नुकसान केलंय. अलंकार म्हटलं की दागिना आठवतो, आणि दागिना काढून ठेवता येतो. पण 'अलम्' म्हणजे 'पुरेसं'. अलंकार म्हणजे पुरेसं करणं, उणीव भरून काढणं, असाही अर्थ त्या शब्दात बसतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक, यमक. १६व्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ते शंभराच्या वर गेले. संख्या वाढली तशी वर्गवारी हाच धंदा झाला. तिकडे युरोपातही वेगळ्या वाटेनं असंच काही झालं. १७व्या शतकात जॉन लॉकनं लिहून ठेवलं की ज्ञानाच्या व्यवहारात लाक्षणिक बोलणं ही निव्वळ फसवणूक आहे, ते भावना भडकवतं आणि निर्णय चुकवतं. म्हणजे एका बाजूला दागिना, दुसऱ्या बाजूला फसवणूक. दोन्हीकडे गृहीत एकच : खरं बोलणं सरळ असतं, वाकडं ते वरून लावलेलं असतं.

गौतमाचं मत असं नव्हतं. त्यानं मानलेल्या सोळा पदार्थांत दृष्टांताला स्वतंत्र जागा आहे. अनुमानाच्या पाच अवयवांत, म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन यांत, उदाहरण नसेल तर अनुमान लंगडं पडतं. डोंगरावर धूर आहे म्हणून आग आहे असं म्हणताना 'जसं स्वयंपाकघरात' हे म्हणावंच लागतं. आणि दृष्टांत म्हणजे काय, याची गौतमाची व्याख्या आम्हाला फार मोलाची वाटते. साध्या माणसाचं आणि पारखी माणसाचं ज्या गोष्टीबद्दल एकमत असतं, तो दृष्टांत. नीट ऐका. पंडिताला पटलं पण चुलीपाशी बसलेल्या बाईला पटलं नाही, तर तो दृष्टांतच नव्हे. शास्त्रानं आपल्या पुराव्यात सामान्य माणसाला मताचा अधिकार दिलाय. आम्ही इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. या सूत्राइतकं लोकशाहीवादी सूत्र आम्हाला फारसं दिसलं नाही.

या सूत्राचा मराठीतला पहिला मोठा प्रयोग महानुभावांनी केला. १३व्या शतकात चक्रधरस्वामी याच प्रदेशात फिरले, पैठणला राहिले, आणि बायाबापड्यांशी मराठीत बोलले. त्यांच्यानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. शिष्यांत केसोबास म्हणजे केशिराज हे संस्कृतचे गाढे पंडित. ते संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, असं 'स्मृतिस्थळा'त नोंदलेलं आहे. कारण काय दिलं? तुम्ही असं लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील. भाषेचा निर्णय म्हणून हा प्रसंग सगळे सांगतात. आम्हाला तो न्यायशास्त्राचा निर्णय वाटतो. दृष्टांताला साध्या माणसाचं मत लागतं, आणि इथे ते मत म्हातारीचं आहे. तिला कळेल अशा भाषेत बोललंच नाही, तर मत घेणार कुणाचं?

केसोबासांनी मग 'दृष्टांतपाठ' रचला. ११४ दृष्टांत आहेत त्यात. शाळेच्या पुस्तकांत त्यातल्या गोष्टी येतात पण त्यांचा सांगाडा येत नाही, आणि खरी कमाल सांगाड्यात आहे. प्रत्येक ठिकाणी तीन भाग : आधी चक्रधरांचं सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. दार्ष्टांतिक म्हणजे ज्याच्यासाठी दृष्टांत दिला ती गोष्ट, गोष्टीतलं काय कशाला लागू पडतं याचा उलगडा. जन्मांधांचा आणि हत्तीचा दृष्टांत तुम्हाला माहीत आहे. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, कान हाती लागला त्याला सुपासारखा. डोळस माणसाला सगळा हत्ती दिसतो. ही गोष्ट बौद्धांकडे आहे, जैनांकडे आहे, जगभर फिरली आहे. केसोबास मात्र गोष्ट सांगून थांबत नाहीत. दार्ष्टांतिकात ते दाखवून देतात की हत्तीच्या जागी कोण, आंधळ्यांच्या जागी कोण आणि डोळस कोण. एकेका मताच्या हाती परमेश्वराचा एकेक भाग लागतो, आणि ते त्यालाच सगळं समजतं.

कुणी म्हणेल, यात काय मोठंसं? गोष्ट सांगितली की अर्थ आपोआप कळतो. तसं होत नाही, मंडळी. वर्गात आम्ही हीच गोष्ट सांगून विचारायचो, सांगा, तुम्ही यातले कोण? एकजात सगळे डोळस निघायचे. गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला डोळस समजतो, कारण गोष्टीतच त्याला हत्ती पूर्ण दाखवलेला असतो. दार्ष्टांतिक हे सुख घालवतं. ते श्रोत्याला गोष्टीत जागा नेमून देतं. आम्हाला हा सांगाडा प्रामाणिक वाटतो तो यासाठी : उडी मारली, आणि कुठून कुठे मारली तेही उघड सांगितलं. ज्याला पटत नाही त्याला बोट ठेवायला जागा ठेवली.

आता ज्ञानेश्वर. पूर्वजांचं आपेगाव पैठणजवळ गोदाकाठी. 'ज्ञानेश्वरी' १२९० सालची, नेवाशाची, प्रवरेच्या काठची. गीतेचे सातशे श्लोक आणि त्यांवर नऊ हजार ओव्या. या नऊ हजारांत उपमा-दृष्टांत किती हे मोजत बसू नका, आधी त्यांची रीत बघा. ज्ञानेश्वर एका मुद्द्याला एक दाखला देत नाहीत. चकोराची पिल्लं चांदण्याचे कोवळे कण वेचतात, भुंगा पराग नेतो पण कमळाला पत्ता लागत नाही, अशी एकामागून एक चित्रं येत जातात. साहित्यात याला मालोपमा म्हणतात आणि कवीच्या प्रतिभेचं कौतुक करतात. कौतुक हवंच. पण वेदान्त्यांचं एक म्हणणं आहे की दृष्टांत एकदेशी असतो, तो एका अंगानंच लागू पडतो. दोरीवर साप दिसला हे जगाच्या भासाला लागू, पण दोरी जड आहे हे ब्रह्माला लागू नाही. मग यावर उपाय काय? दुसरा दृष्टांत द्या, जो पहिल्याची चुकीची बाजू झाकेल. चकोराच्या चित्रात हळुवारपणा आला, पण श्रोता भुकेलेला राहिला. भुंग्याच्या चित्रात घेणं आलं आणि देणाऱ्याला धक्का न लावणंही आलं. असा एक दृष्टांत दुसऱ्याला दुरुस्त करत जातो. केसोबास दार्ष्टांतिक लिहून जे साधतात ते ज्ञानेश्वर दृष्टांतांची रांग लावून साधतात. आणि शब्दांवर भाबडा विश्वास त्यांचाही नाही. 'अमृतानुभवा'त शब्दखंडनाचं सबंध प्रकरण आहे.

एकनाथ पैठणचे, १६व्या शतकातले. त्यांच्या भारुडांत रूपक दृष्टांतासारखं सांगितलं जात नाही, ते अंगावर चढतं. जोशी, वासुदेव, गोंधळी, महार, विंचू चावलेला माणूस, सगळे स्वतःच बोलतात. विंचू म्हणजे कामक्रोध, हे प्रेक्षकाला आधी कळत नाही. आधी तो वेदनेनं नाचणाऱ्या सोंगाड्याला हसतो. हसून झाल्यावर लक्षात येतं की विंचू आपल्यालाही चावलेला आहे. मम्मटाची पहिली अट आठवा : मूळ अर्थ बसेनासा झाला पाहिजे. भारुडात तो बसेनासा होण्याचा क्षण प्रेक्षकाच्या पोटात होतो, हसू अर्ध्यावर थांबतं. आम्ही भारूड ऐकायला जायचो ते मंचाकडे बघायला कमी आणि त्या क्षणी लोकांचे चेहरे बघायला जास्त.

समर्थ रामदास तर शेजारचे, आपल्याच तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेले. 'दासबोधा'त त्यांनी कवित्वाचे प्रकार सांगितलेत : मनाला येईल ते दामटून रचलेलं ते धीट, दुसऱ्यांचं पाहून उतरवलेलं ते पाठ, आणि अनुभवातून आपोआप येणारं ते प्रासादिक. पुढच्या पंडिती काव्याला ही चाळणी लावली तर काय उरेल, हा प्रश्न मोठा आहे. आज आम्ही तो सोडून देतो. एवढंच सांगतो की मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे ओठ न मिटता म्हणता येईल असं, प-वर्गाशिवाय. बुद्धी थक्क होते. पण त्यात उडी शब्दाची आहे, अर्थाची नाही. म्हातारीला त्यात मत उरलेलं नाही.

त्यानंतर छापखाना, शाळा आणि व्याकरण आलं. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण निघालं, १९११ साली मोरो केशव दामल्यांचं. ही मोठी कामं आहेत. पण परीक्षेच्या सोयीसाठी अलंकार म्हणजे ओळखायची वस्तू झाली. वाक्यात 'जसा', 'सम', 'सारखा' आलं की उपमा. 'जणू', 'भासे', 'गमे' आलं की उत्प्रेक्षा. पोरगं खूणशब्द शोधतं, नाव लिहितं, मार्क घेतं. कशाची तुलना कशाशी, कुठवर लागू आणि कुठे तुटते, हे त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे दार्ष्टांतिक गळालं. त्याची जागा नावानं घेतली. खूणशब्द नसलेल्या लक्षणेपुढे तर हे शिक्षण मुकंच होतं.

याच काळात महाराष्ट्रात एक वेगळीच गोष्ट घडली. लाक्षणिक भाषा कोर्टात गेली.

१५ जून १८९७च्या 'केसरी'त एक कविता आली, भवानी तलवारीच्या नावानं. शिवाजी महाराज जागे होऊन देशाची दशा बघतात आणि बोलतात, अशी कल्पना. सोबत शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता, त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा. आठवड्यानं, २२ जूनला, पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातल्या 'अप्रीती'चा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला, आणि ज्यूरीनं सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवलं. दीड वर्षाची सक्तमजुरी. यात मुख्य प्रश्न अर्थाचाच होता. महाराज महाराजांच्याच काळाबद्दल बोलतायत, की 'केसरी' आजच्या सरकारबद्दल बोलतोय? मूळ अर्थ बसत होता की बसत नव्हता? आणि हे ठरवणारे बहुतेक ज्यूरर मराठी न वाचणारे. त्यांच्यापुढे कविता नव्हती, तिचं भाषांतर होतं.

१९०८च्या खटल्यात हे आणखी उघडं पडलं. 'केसरी'तल्या मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतरच्या लेखांवर तो खटला, न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून जास्त. त्यांच्या बोलण्यातला मोठा भाग भाषांतरावर होता : सरकारी भाषांतरकारानं हा शब्द असा फिरवला, या शब्दाची मराठीत ही छटा आहे, ती तिकडे गेली नाही. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले. आम्हाला कुणाची वकिली करायची नाही. टिळकांना सरकारबद्दल प्रेम होतं असं तर कुणीच म्हणणार नाही. पण गौतमाची व्याख्या इथे लावून बघा. साधा माणूस आणि पारखी माणूस यांचं एकमत पाहिजे. या कोर्टात पारखी म्हणजे सरकारी भाषांतरकार, आणि साधा माणूस, म्हणजे ज्याच्यासाठी तो लेख लिहिला तो मराठी वाचक, ज्यूरीत कुठेच नव्हता.

त्याच वर्षी 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनाही राजद्रोहासाठी शिक्षा झाली. वक्रोक्तीसाठी त्यांची लेखणी प्रसिद्ध होती. स्तुती करतायत असं दाखवून निंदा करायची, त्यामुळे वाक्य पकडायला जावं तर हाती लागायचं नाही. आणि मग 'कीचकवध'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली : विराटाच्या दरबारात द्रौपदी दासी होऊन राहते, कीचक तिच्यामागे लागतो, धर्मराज धीर धरायला सांगतो, भीम कीचकाला मारतो. सगळ्या नाटकात कर्झनचं नाव नाही, हिंदुस्थानचं नाही, काँग्रेसचं नाही. आणि नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक होतं की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, धर्मराज मवाळ आणि भीम जहाल. १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराच्या त्याच सालच्या पुस्तकात या नाटकाचा पुरा उलगडा आहे, कोण म्हणजे कोण, सगळं. नाव कुठेच घेतलेलं नाही, पण थिएटरात सगळ्यांना कळतं, हेही तिथे सांगितलंय. आम्ही ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आवरलं नाही. साहेबानं दार्ष्टांतिक लिहिलं होतं! केसोबासांचा तिसरा भाग. बंदी घालायची तर आधी रूपक नीट समजून घ्यावं लागतं, आणि त्या एका बाबतीत सरकार आणि प्रेक्षक यांचं पूर्ण एकमत झालं.

म्हणजे सत्तेला रूपक कळत नाही असं समजू नका. तिला धोका वाटला की ते चांगलंच कळतं, कधी नसलेलंही दिसतं. खरा घोटाळा होतो तो उलट बाजूनं, जिथे कुणालाच रूपक दिसत नाही. त्यासाठी आता आपण पुन्हा आपल्या भागात येऊ, उसाच्या फडात.

दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातल्या गावागावांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या निघतात. मुकादम आधीच उचल देऊन बसलेला असतो. उचल कशावर ठरते? कोयत्यावर. 'एका कोयत्याला इतके.' आता हा कोयता म्हणजे लोखंडाचा कोयता नव्हे, हे इथे कुणाला सांगायला नको. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. गौतमाची काठी आठवते? काठीला जेवायला वाढा. तंतोतंत तीच लक्षणा, सोबतीची. फरक इतकाच की काठीच्या मागे एक माणूस होता, कोयत्याच्या मागे दोन आहेत.

ही लक्षणा रूढीची आहे. म्हणून उडी कुणाला दिसत नाही. दाखवू या. नवरा ऊस तोडतो, बायकोही तोडते. ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकपर्यंत चढवते. पहाटे उठून भाकरी थापते ती वेगळीच. ती कोयत्यात धरलेली नाही. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. हिशोबाच्या वहीत 'एक कोयता' लिहिलं की वाक्य पूर्ण होतं. तिचं नाव लिहायची गरज वाक्याला वाटत नाही. मजुरी दोघांची, शब्द एकच, आणि त्या शब्दाचा धनी एक. मम्मटाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मूळ अर्थ बाजूला सारलात हे ठीक, पण नव्या अर्थात दोन माणसं आहेत ना? मग पैसे घेताना एक कसं?

बरं, शब्द नुसता झाकतो असंही नाही. तो माणसांना आपल्या मापात बसवतो. मुकादमाला जोडी हवी असते. एकट्याला, आणि एकट्या बाईला तर जास्तच, काम मिळणं कठीण. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात, कोवळ्या वयाच्या पोरींचीही. कोयता पुरा करायचा असतो. हे मराठवाड्यात कुणाला नवीन नाही, सगळे बोलतात. 'काठीला जेवायला वाढा' म्हटल्यामुळे कुणाला काठी विकत घ्यावी लागली नव्हती. इथे अर्ध्या कोयत्याला पुरा होण्यासाठी माणूस आणावं लागतं.

गंगथडीच्या बाया स्वतः लक्षणा जाणत नाहीत असं मात्र समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. त्यात नदीपल्याडच्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायांच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या ओव्या ऐकल्या की कळतं, नागदेवाचार्यांची म्हातारी नुसती ऐकणारी नव्हती. उपमा, रूपक, श्लेष, सगळं तिच्या जात्यापाशी होतं. नावं तेवढी नव्हती. भाऊ, माहेर, नदी, जातं, कशाचं कशाशी नातं जोडायचं हे ती ठरवत होती, आणि शेजारी बसलेलीला ते लगेच कळत होतं. 'कोयता' हा शब्द मात्र तिनं घडवलेला नाही. तो हिशोबाच्या सोयीनं आलेला आहे.

शिक्षक मंडळी समोर बसली आहेत, म्हणून एक काम सुचवतो. अलंकाराचा धडा घेताना वर्गातल्या पोरांना 'कोयता' या शब्दाचं दार्ष्टांतिक लिहायला सांगा, केसोबासांच्या रीतीनं. ज्यांचे आईबाप फडावर गेलेत अशी पोरं वर्गात असतीलच. काही पोरं त्या दिवसांत वर्गात नसतील, तीही आईबापांबरोबर गेलेली असतील. जी आहेत त्यांना विचारा : कोयत्याच्या जागी कोण? किती जण? उचलीच्या जागी कोण? कोणतं काम शब्दात धरलंय, कोणतं बाहेर राहिलं? उत्तराला मार्क देऊ नका. वहीत दोन नावं लिहिलेली आहेत का, तेवढं बघा.